लाल निशाणाखाली बसलेल्या वहिनी

वहिनी, काल तुमचं दहावं झालं. खाडीवर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. तुमचे मामा हात जोडून म्हणाले, "सुटली पोर. काय बी इच्छा राहिली नव्हती बघ." माझ्या तोंडून निघून गेलं, "राहिली होती. कावळ्याला काय कळतंय?"

भटजींनी वर पाहिलं. दादा पाण्याकडं बघत उभा होता, तो तसाच राहिला. घरी येऊन चहाचा कप हातात आल्यावर मामांनी मनातलं बाहेर काढलं. बाईमाणसानं गड्यांच्या बरोबरीनं डोंगर तुडवायचा नसतो, रानात काय काय असतं, काहीतरी लागलं असणार, अंगातलं रक्त आटलं, म्हणून साध्या तापाला पोर टिकली नाही. शेजारच्या बायकांनी माना हलवल्या. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "मामा, वहिनीला डोंगरानं मारलं नाही. समोरच्या बिल्डिंगच्या खड्ड्यातल्या डासानं मारलंय. डोंगराला बोलायचं काम नाही."

"मोठ्यांशी असं बोलत्यात व्हय रं?"

तुम्ही असतात तर मला आत बोलावून दटावलं असतं आणि मग स्वतः बाहेर जाऊन मामांना माझ्यापेक्षा जास्त सुनावलं असतं. म्हणून तुमच्या वाटणीचंही मीच बोललो. मामा रात्रीच्या एसटीनं रागानं साताऱ्याला गेले. जाऊ देत. तेराव्याला येतील तेव्हा परत बोलेन.

लोक आता तुमच्याबद्दल हळू आवाजात बोलायला लागलेत, वहिनी. साधी होती, सोशिक होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी ऐकतो आणि मला वाटतं, हे दुसऱ्याच कुणाच्या घरी आलेत. तुम्ही आणि सोशिक? भाजीवाल्यापासून नळाच्या पाण्यापर्यंत ज्यांचं रोज एक भांडण ठरलेलं, त्या तुम्ही?

शर्यतीच्या टीममध्येही तुम्ही आमची जिरवायलाच आलात. पावणे गावच्या कंपनीत मी, राणे आणि थॉमस एका शिफ्टला. राणे मालवणचा, माझ्याच बाजूच्या लेथवर. थॉमस केरळचा, स्टोअरमध्ये. रविवारी किल्ले चढायचा तिघांना नाद. राणेनं कुठूनशी एका शर्यतीची बातमी आणली. डिसेंबरात, घाटावर. डोंगरातून पळायचं, मग सायकल, मग धरणाच्या पाण्यात होडी वल्हवायची. टीम चौघांची, चौघं एकदम पोचले तरच पोचले म्हणायचं, आणि चौघांत एक तरी बाई हवीच. राणेची मावसबहीण तयार होती, पण तिचं लग्न ठरलं आणि सासरच्यांनी नको म्हटलं. त्या संध्याकाळी आपल्या कोपरखैरण्याच्या घरात आम्ही तिघं तोंडं पाडून बसलो होतो. तुम्ही आत भाकरी थापत होता. थापता थापताच म्हणालात, "मी येते की."

आम्ही हसलो. थॉमसला निम्मंच कळलं होतं, तरी तोही हसला.

"हसू नका भावजी. शाळेत असताना तालुक्यात माझ्यापुढं कोण जात नव्हतं पळायला."

"वहिनी, त्याला किती वर्षं झाली?"

"मग? पाय बदललेत व्हय?"

दुसऱ्या रविवारी पहाटे तुम्ही रेश्माची पीटीची पँट, दादाचा जुना शर्ट आणि कॅनव्हासचे बूट घालून दारात उभ्या होतात. रेश्मा नववीतली पोर, लाजून तिनं पांघरुणात तोंड लपवलं. "आई, लोक बघतील." तुम्ही म्हणालात, "बघू देत. तिकीट थोडंच हाय?" त्या दिवशी घणसोलीच्या रस्त्यावर राणे पोट धरून खाली बसला आणि तुम्ही त्याच्याभोवती गोल पळत राहिलात, "उठा हो राणेसाहेब, लग्नाला जायचंय का तुमाला?" म्हणत. तो दोन दिवस तुमच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कंपनीत मला म्हणाला, "तुझी वहिनी पाहिजेच टीममध्ये. नाय तर मी येणार नाय."

दादाला आम्ही सगळं सांगितलं नव्हतं. तो तुर्भ्याच्या बाजारात माथाडी, पहाटे घर सोडायचा. त्याला एवढंच ठाऊक होतं की बायको सकाळी 'फिरायला' जाते. तुम्ही म्हणायचात, खोटं नाही बोलले, फक्त जरा जोरात फिरते.

मग तो ऑक्टोबरातला रविवार. त्याच्यावर आपलं भांडण अजून मिटलेलं नाही.

तळवलीपासून सुरुवात करायची, कारखान्यांच्या मागून पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनला ओलांडून गवळीदेवाच्या डोंगरावर चढायचं, मग माथ्या-माथ्यानं दक्षिणेला पळत जाऊन खाणींच्या बाजूनं तुर्भ्याला उतरायचं. शर्यतीआधीची ती आपली सगळ्यात लांबची दौड. सुरुवातीला किती मजा होती. गवत कमरेएवढं वाळलेलं, मोज्यांत कुसळं घुसत होती, राणे दर थोड्या वेळानं आईच्या नावानं ओरडत होता. वर पोचल्यावर एका हाताला खाडी आणि मिठागरं दिसली, दुसऱ्या हाताला नुसते डोंगर. तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलात. म्हणालात, "इतकी वर्षं हितं ऱ्हाते, आन् हे कधी कुणी दाखवलं नाही मला." मी म्हणालो, "आता बघा." तुम्ही म्हणालात, "आता काय, आता रोज बघणार."

ऊन चढलं. वारा पडला. ऑक्टोबरचं ऊन कसं असतं, डोक्यावर तवा ठेवल्यासारखं. पाणी संपत आलं होतं आणि थॉमस मागे पडायला लागला. तुम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबचं एक टोक त्याच्या कमरेला बांधलंत, दुसरं आपल्या, आणि त्याला ओढत पळायला लागलात. शर्यतीत असं चालतं असं राणेनं वाचलं होतं. थॉमस तुम्हाला त्यांच्या भाषेत 'चेची' म्हणजे ताई म्हणायचा. तो हसत होता, "चेची, मी गाय आहे काय?" थोड्या वेळानं तो हसायचा थांबला. मग मल्याळममध्येच बोलायला लागला, आमच्याशी नाही, कुणाशी तरी. मग गुडघ्यावर बसला. अंग तापलेलं आणि घामाचा थेंब नाही.

मी म्हणालो, "तुम्ही दोघं याच्याजवळ थांबा. मी एकटा धावत पावण्याला जातो, कंपनीची गाडी घेऊन येतो."

"इथं सावली कुठाय?" तुम्ही विचारलंत. खरंच नव्हती. "तुमी गाडी आणेपर्यंत हा भाजून निघंल. खाली खाण दिसतीय. तिथं पाणी असणार. उचला."

आम्ही त्याला उचलला. राणेनं पायाकडून, मी खांद्याकडून. तुम्ही पुढे वाट काढत. खाणीच्या तोंडाशी आलो तर वाटेत लाल निशाण रोवलेलं आणि एक रखवालदार काठी आडवी धरून उभा. खाली सुरुंग भरलेले, बार व्हायचे होते. तो म्हणाला, "मागं फिरा. बार झाल्यावर या."

"किती वेळ?"

"काय सांगता येत नाय बाई. तास लागंल, जास्तबी लागंल."

"माणूस मरतोय हितं. बार थांबवा."

"माझ्या हातात नाय ते. मुकादम खाली हाय."

"मग मुकादमाला बोलवा."

"तो नाय येनार."

तुम्ही त्याच्या काठीखालून वाकून पलीकडं गेलात आणि त्या लाल निशाणाखाली, वाटेच्या मधोमध, मांडी घालून बसलात. "सांगा त्याला, निशाणाच्या अलीकडं एक बाई बसलीय. लावा म्हणावं सुरुंग."

रखवालदार ओरडायला लागला. मी ओरडलो, "वहिनी, उठा!" राणे ओरडला. तुम्ही कुणाकडं बघितलं नाहीत. पांढऱ्या धुळीत बसल्यात, केस कपाळाला चिकटलेले, दादाचा शर्ट पाठीला चिकटलेला, आणि खालच्या खाणीकडं एकटक बघताय. माझे हात थॉमसच्या बगलेत होते. त्याला टाकून तुम्हाला ओढायला येऊ की नको, तेच मला कळत नव्हतं. आयुष्यात मला एवढा राग कुणाचा आला नव्हता.

मुकादम आला. शिव्या देतच आला, तोंडातला गुटखा थुंकून परत नव्यानं सुरुवात केली. तुम्ही त्याचं सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "झालं? आता पाणी कुठाय ते सांगा." त्यानं थॉमसकडं बघितलं. त्याचा चेहरा बदलला. खाली धूळ बसवायला पाण्याचा टँकर उभा होता. त्यानं पोरांना हाका मारल्या, टँकरचा पाइप आणवला आणि थॉमसवर पाणी सोडलं. तुम्ही त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलात, भिजलात, त्याच्या गालावर चापट्या मारत राहिलात. "थॉमस, बोला. माझ्याशी मराठीत बोला. ते तुमचं नको." बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "चेची, थंडी वाजते." तेव्हा तुम्ही रडलात. मी बघितलं. तुम्ही नंतर म्हणालात पाणी होतं टँकरचं. नव्हतं.

खडी भरलेल्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी थॉमसला बसवलं, राणे त्याला धरून. मीही चढणार तेवढ्यात तुम्ही माझा हात धरलात. "भावजी, आपण दोघं पळत जाऊ. राहिलंय ते पुरं करू."

मी तिथंच भडकलो. म्हणालो, "दोन पोरं आहेत घरी तुम्हाला. काय करत होता तुम्ही तिथं? मुकादमाला कुणी कळवलंच नसतं तर? बार उडाला असता तर?"

"थॉमसला बी पोरं हायेत."

"तो वेगळा प्रश्न आहे. मी विचारतो त्याचं उत्तर द्या. मुकादम आला नसता तर तुम्ही उठला असता की नसता?"

तुम्ही बुटाची नाडी बांधलीत, उभ्या राहिलात आणि ट्रकच्या रस्त्यानं खाली पळत सुटलात. मला मागे यावंच लागलं.

तुर्भ्यापर्यंत मी तोच प्रश्न विचारत होतो. मग दिवाळीत विचारला, तुम्ही चकल्या तळत होता. "उठला असता की नसता?" तुम्ही म्हणालात, "सोऱ्या धरा जरा." वहिनी, मी अजूनही म्हणतो, तुमचं चुकलं. मी धावत जाऊन गाडी आणली असती तरी थॉमस वाचला असता, कदाचित. तुम्ही म्हणाल कदाचित म्हणजे काय. तेच. आपण हे नीट भांडायला हवं होतं, एका दुपारी, चहा घेऊन, शेवटपर्यंत. तुम्ही अर्ध्यातून उठून गेलात आणि आता शेवटचा शब्द तुमचाच राहिला. हे मला मान्य नाही.

त्या ट्रकवाल्यानं बाजारात जाऊन गोष्ट सांगितली. एक बाई सुरुंगाखाली बसली म्हणून. दुपारपर्यंत दादाच्या टोळीत पोचली आणि कुणीतरी म्हणालं, अरे, ही तर तुझ्याच घरातली. दादा घरी आला आणि ओरडला नाही. तो ओरडला असता तर तुम्हाला बरं वाटलं असतं. भिंतीकडं तोंड करून बसला. चार-पाच दिवस तुमच्याशी बोलला नाही. तुम्ही ताट वाढून म्हणायचात, "बोलू नका, पण जेवा." एका रात्री त्यानं हात जोडले. "सुमन, तुझ्या पाया पडतो. नको जाऊ." तुम्ही त्याचे हात धरून खाली केलेत. म्हणालात, "मी रोज सकाळी तुमच्या पाठीवर पोती पडायची वाट बघत घरात बसते. मी म्हणाले का कधी, नका जाऊ म्हणून?" रविवारी पहाटे तुम्ही दार उघडलंत तेव्हा तो जागा होता. त्यानं अडवलं नाही. आलाही नाही.

आणि मग दिवाळी झाली आणि तुम्हाला ताप आला.

समोरच्या बांधकामाचे खड्डे पावसाळ्यापासून भरलेले. तुम्ही तिथं जाऊन तीनदा भांडलात. शेवटी रेशनचं रॉकेल, जे स्टोव्हला पुरत नव्हतं, ते नेऊन स्वतः त्या पाण्यावर ओतलंत. वसाहतीत आणखी कुणी ओतलं नाही. आता तेच लोक म्हणतात डोंगरानं नेली.

पहिले दोन दिवस तुम्ही म्हणालात अंग मोडलंय नुसतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरनं रक्त काढलं, म्हणाला मलेरिया, आणि डोक्यात चढतोय, ताबडतोब वाशीला हलवा. रिक्षात दादानं तुम्हाला धरलं होतं. थॉमस आणि राणे शिफ्ट सोडून आले. वर एकालाच सोडायचे, म्हणून आम्ही तिघं खाली फाटकाशी उभे राहायचो आणि पाळीपाळीनं वर जायचो. डॉक्टर म्हणाले, बाईंचं हृदय घोड्यासारखं आहे, म्हणून एवढी झुंजतायत. हे मी मामांनाही सांगितलं. रक्त आटलेल्या बाईला असं कुणी म्हणत नाही.

माझी पाळी होती तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत. मला ओळखलंत. म्हणालात, "होडीचं राहिलं."

तुम्हाला पाण्याची भीती होती. डोंगराची नाही, सुरुंगाची नाही, पण गुडघाभर पाण्यात पाय ठेवायला तुम्ही घाबरायचात. दिवाळेगावच्या एका कोळ्याशी राणेनं बोलून ठेवलं होतं, पुढच्या रविवारी तो आम्हाला खाडीत वल्हवायला शिकवणार होता. मी म्हणालो, "वहिनी, बऱ्या व्हा, शिकू." तुम्ही म्हणालात, "मला मध्ये बसवा. कडंला नको." एवढंच. मला तेव्हा तुम्हाला सांगायचं होतं की मी गावाहून दहावी नापास होऊन आलो तेव्हा दादानं मला बाजारात हमालीला न्यायचं ठरवलं होतं, आणि तुम्ही नव्यानं लग्न होऊन आलेल्या, तरी सगळ्या मोठ्या माणसांसमोर म्हणालात, "ह्यो परत परीक्षा देणार. ह्याला मी बघते." आज माझ्या हातात लेथ आहे तो त्यामुळं. हे मी कधी तुम्हाला बोललो नाही, कारण तुम्हाला माहीत आहे असं मी धरून चाललो होतो. तेव्हाही नाही बोललो. नर्स आली, म्हणाली वेळ संपली. बोललो असतो तर तुम्ही काय म्हणाला असतात तेही मला ठाऊक आहे. "मग लेथ नीट चालवा."

परवा मी शर्यतीवाल्यांना एसटीडी बूथवरून फोन लावला. सांगितलं, आमची चौथी गेली. तिकडचा माणूस भला होता, त्याला खरंच वाईट वाटलं. म्हणाला, दुसरी बाई मिळाली तर बघा, नाहीतर तिघांना पळता येईल पण टीम म्हणून धरणार नाही, नंबर लागणार नाही. मी राणे आणि थॉमसला कंपनीच्या गेटवर सांगितलं. राणे म्हणाला, "नंबर तसाही लागला नसता. चला." थॉमस म्हणाला, "चेचीच्या जागी दुसरी बाई शोधायची नाही."

नाही शोधणार. लोक म्हणतील वर्षाच्या आत घरातला माणूस खेळायला गेला. म्हणू देत. सुतक, तेरावं, सगळं रीतसर करीन, दादासाठी करीन. पण डिसेंबरात आम्ही तिघं तिथं उभे राहणार आहोत, आणि कुणी विचारलं तुमची चौथी कुठाय, तर सांगेन तुमच्याबद्दल. हळू आवाजात नाही सांगणार.

आज सकाळी एक गोष्ट झाली, तेवढी सांगतो.

दादा बाजारात गेला नाही. ओट्यावर बसला होता. मी कामावर निघालो तर म्हणाला, "बस जरा." मी बसलो. धाकटा बाळू शाळेला गेला, रेश्मा आत भांडी घासत होती. मला वाटलं, आता म्हणणार, तुझ्यामुळं झालं सगळं, तूच नेलंस तिला डोंगरावर. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

तो म्हणाला, "पळताना कशी दिसायची रे ती?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

मी त्याला खाणीच्या त्या रस्त्याबद्दल सांगितलं. उतार, पांढरी धूळ, खालून खडीचे रिकामे ट्रक वर येतायत, भोंगे वाजवतायत, आणि तुम्ही रस्त्याच्या मधून, दोन्ही हात कोपरात वाकवून, मान पुढं काढून. एक ट्रकवाला ओरडला तर तुम्ही त्याला बाजूला हो म्हणून हात केलात आणि तो झाला बाजूला. मी मागून हाका मारत होतो. तुम्ही एकदाही वळला नाहीत.

"हसत होती?"

"नाही दादा. भांडायला निघाल्यासारखी दिसत होती."

दादा हसला. दहा दिवसांत पहिल्यांदा. डोळे पुसले नाहीत, तसाच हसत राहिला.

"मग तीच," तो म्हणाला.